बसऱ्याच्या आबांचं पान

माझ्या आजोळी सर्वपित्री अमावस्येला एक पान जास्तीचं वाढलं जायचं. खीर, वडे, अळूची भाजी, कढी, भात, सगळं इतर पानांसारखंच. फक्त हे पान मामी ओसरीवर, दाराकडे तोंड करून मांडायची. लहानपणी मी विचारलं, हे कोणाचं? मामी म्हणाली, "बसऱ्याच्या आबांचं. त्यांना दारातनं आत यायला सोपं पडावं म्हणून इथं."

बसरा हे गाव आहे, देश आहे की देव आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. घरातही कोणाला नीट सांगता येत नसे. माझ्या आईच्या आजोबांचा धाकटा भाऊ जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर बोटीत बसून बसऱ्याला गेला आणि परत आला नाही, एवढीच गोष्ट होती. कोणत्या दिवशी गेला, कुठे पुरलं, की नदीत सोडलं, काहीच ठाऊक नव्हतं. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांची ही अमावस्या, म्हणून शंभराहून अधिक वर्षं हे पान वाढलं गेलं. आधी त्यांच्या आईने वाढलं, मग वहिनीने, मग माझ्या आजीने, आता मामीने. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यातलं शेवटचं माणूस जाऊनही आता पन्नासेक वर्षं झाली. पान थांबलं नाही.

हा लेख त्या पानाचा आहे. लिहायला घेण्यापूर्वी मामींची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी एक अट घातली: "आबांचं नाव आधी गावच्या दगडावर येऊ दे. मग छाप." ती अट पाळून लिहिते आहे. म्हणून इथे ते बसऱ्याचे आबाच राहतील.

त्या दगडाबद्दल सांगायला हवं. आमच्या चावडीच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने बरीच भरती झालेल्या अनेक गावांत अशा पाट्या लावल्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आताचा रायगड) अशा जिल्ह्यांत कित्येक जुन्या गावांत चावडीपाशी, शाळेपाशी, वेशीपाशी त्या दिसतात. मजकूर जवळपास सगळीकडे सारखा: १९१४ ते १९१९ या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस. आमच्या पाटीवरचा दुसरा आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो. त्यातलं एक बोट आमच्या घरचं.

पाटीवर नाव एकाचंही नाही. वर पुन्हा मजकूर इंग्रजीत. ज्या आईने मुलगा दिला तिला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. तरी ती दर सोमवारी त्या दगडाला हळदकुंकू वाहायची, अशी आठवण आजी सांगायची. दगडावर आपल्या मुलाचं नाव आहे, अशीच तिची समजूत होती. तिला खरं सांगण्याचं धाडस गावात कोणी केलं नाही, आणि मला वाटतं, गावाने योग्य तेच केलं.

सातारा शहरापासून वीस किलोमीटरच्या आत अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पत्त्यातही तसंच लिहितात. या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तिथला स्तंभ त्यांच्या आठवणीचा. मी तिथे गेले ती पावसाळ्याच्या अखेरीस. घराघरात भिंतीवर गणवेशातले फोटो होते. आजोबा, त्यांच्याखाली बाप, त्याच्याखाली मुलगा. काही भिंतींवर चौथ्या फोटोसाठी खिळा आधीच ठोकलेला. एका घरात म्हाताऱ्या आजींनी मला फोटो दाखवताना प्रत्येकाची पलटण सांगितली, हुद्दा सांगितला, रजेवर आला की काय खायला मागायचा तेही सांगितलं. "ह्याला उसळ लागायची. आणि ह्याला सकाळी भाकरी कुस्करून दुधात." पहिल्या महायुद्धाचं विचारलं तेव्हा त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ते शेचाळीस." आणखी मागच्यांचा इथे फक्त आकडा उरला होता. घरांनी जिथपर्यंत फोटो होते तिथपर्यंत नावं सांभाळली, त्याच्या पलीकडे स्तंभाने जेवढं दिलं तेवढंच.

याचं कारण शोधत गेले, तेव्हा वाट खरोखरच बसऱ्याला पोहोचली.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पहिल्या महायुद्धात मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते जुन्या जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेलं. ब्रिटिश सैनिकांची नावं, साध्या शिपायांसकट, तिथे कोरलेली आहेत. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हवालदार, नाईक, शिपाई यांच्यासाठी मात्र पलटणीचं नाव आणि त्याच्यापुढे आकडा. फ्रान्समध्ये नव-शापेल इथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर चार हजार सातशेच्या वर हिंदी सैनिकांची नावं आहेत, कारण ते युरोप होतं, तिथे लोक येऊन पाहणार होते. बसऱ्याला कोण येणार?

२०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात कबुली आहे की, आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केलं गेलं नाही. आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंदच झाली नाही किंवा स्मरणच झालं नाही. कारण काय, तर या लोकांना कोरलेल्या नावाची किंमत कळणार नाही, असं तेव्हाच्या वसाहती अधिकाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. आयोगाने माफी मागितली. ते वाक्य वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दर सोमवारी दगडाला हळदकुंकू वाहणारी आई आली. किंमत कळत नव्हती म्हणे.

दगडावर नाव नव्हतं, पण वहीत होतं. भारतीय मृतांच्या याद्या छापल्या गेल्या होत्या आणि त्या आता आयोगाच्या संगणकीय नोंदींत शोधता येतात. माझा मामेभाऊ पुण्याला नोकरी करतो. करोनाच्या काळात घरात बसून त्याने चार रात्री हा शोध घेतला. अडचण स्पेलिंगची होती. आपल्या नावांची आणि गावांची इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहून वाट लावली आहे. 'ळ' चा 'एल' की 'आर', शेवटी 'ए' की 'ई', 'वाडी' च्या जागी 'वारी'. त्याने नावाचा नाद सोडला आणि पलटण धरली. घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आली होती की, आबा एकशेदहा नंबरच्या मराठा पलटणीत होते. त्या पलटणीची यादी काढून जिल्हा सातारा असलेली नावं तो वाचत गेला. बापाचं नाव जुळलं. मग गावाचं नाव मोठ्याने वाचून पाहिलं. स्पेलिंग चुकीचं होतं, पण उच्चार केला की आमचंच गाव. मृत्यूची तारीख: २२ नोव्हेंबर १९१५.

ज्यांच्या घरी असं पान वाढलं जातं त्यांच्यासाठी इथे दोन गोष्टी सांगते. नावावर अडकू नका. पलटण, बापाचं नाव, गाव, तालुका यांच्या जोडीने शोधा, आणि गाव डोळ्यांनी वाचण्याऐवजी तोंडाने म्हणून पाहा. स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत असलेल्यांसाठी बेळगावच्या केंद्राच्या रेकॉर्ड ऑफिसची आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट आहे. घरात डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर त्यावरचा नंबर आधी उतरवून ठेवा. तो नंबर सापडला की निम्मं काम झालं.

२२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनची लढाई सुरू झाली. बगदादच्या अलीकडे, टायग्रिस नदीच्या काठी, जिथे जुन्या इराणी साम्राज्याच्या राजवाड्याची भलीमोठी कमान अजून उभी आहे. जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन, म्हणजे पूना डिव्हिजन, तिथे तुर्की फौजेवर चालून गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्या लढाईत डिव्हिजनचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. बाकीची फौज मागे फिरून कुत-अल-अमाराला पोहोचली आणि तिथे १४७ दिवस वेढ्यात अडकली. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. धर्माला नको म्हणून अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस शिवलं नाही आणि भुकेने, स्कर्व्हीने मेले. २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. आबा तिथवर पोहोचले नाहीत, याबद्दल देवाचे आभार मानावेत की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामेभावाने तारीख सांगितली तेव्हा मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावच्या गुरुजींना फोन केला आणि तारखेवरून तिथी काढून मागितली. शके १८३७, कार्तिक वद्य प्रतिपदा, सोमवार. म्हणजे आदल्या दिवशी रविवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. टाउनशेंडची फौज त्या रात्रीच निघाली आणि चांदण्यात चालत जाऊन पहाटे तुर्कांच्या खंदकांसमोर उभी राहिली. त्याच रात्री आमच्या गावात देवळापुढची दीपमाळ लागली असणार. आबांच्या आईने तिच्यात वात ठेवली असणार. दोन्हीकडे एकच चंद्र. मी हे कल्पनेने रंगवत नाही, पंचांग हातात घेऊन लिहिते आहे.

आबांच्या बायकोबद्दल घरात कमी बोललं जातं. लग्नाच्या वेळी ती बारा-तेरा वर्षांची असेल. बातमी आली तेव्हा मढं नव्हतं, राख नव्हती, फक्त एक कागद आणि तो वाचून दाखवणारा तलाठी. तिने कुंकू पुसलं नाही. "मी पाहिलं नाही, मी पुसणार नाही," असं ती म्हणाली. गाव बोललं, भाऊबंद बोलले. तिने म्हातारपणी मरेपर्यंत कुंकू लावलं. पण त्यामुळे तिला सवाष्णीचा मान मिळाला का? नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. तिचं कपाळ भरलेलं आणि ओटी रिकामी.

आज आपण वीरपत्नी म्हणतो, वीरमाता म्हणतो. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला त्यांना शाळेच्या पटांगणावर बोलावून साडी-नारळ देतो. चांगलं आहे. पण त्याच बाईला संक्रांतीला वाण द्यायला कोणी बोलावतं का, हे मी साताऱ्याच्या गावागावांत विचारलं. काही ठिकाणी उत्तर आलं, हो, आता बोलावतो. काही ठिकाणी बायका गप्प बसल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. माझ्या मते सैनिकाचा मान या ठरावापासून सुरू होतो. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे परीक्षा दिली, चेन्नईला प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाल्या. दोन मुलांच्या आईने हे केलं. आबांच्या बायकोला कपाळावरच्या एका बोटाएवढ्या कुंकवासाठी जन्मभर लढावं लागलं. तिचा फोटोही नाही.

मेलेल्यांबद्दल एवढं लिहिलं, तर परत आलेल्यांबद्दलही लिहायला हवं. कारण माझ्या स्वतःच्या हातून जे राहिलं ते तिथे राहिलं.

माझे आजोबा, आईचे वडील, त्याच पलटणीत भरती झाले. ११० नंबरची मराठा पलटण १९२२ साली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली होती. चुलता जिथून परतला नाही त्याच पलटणीत पुतण्याने जावं, हे आज आपल्याला विचित्र वाटेल. तेव्हा भरतीच्या सायबाला चुलत्याचं नाव सांगितलं की, रांगेतून बाजूला काढून आधी घेत. दुसऱ्या महायुद्धात तिसरी पलटण एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली, मग आफ्रिकेच्या वाळवंटात, मग इटलीत. आजोबा इटलीच्या मोहिमेत होते. १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्याच पलटणीतल्या नाईक यशवंत घाडग्यांनी, सोबतची सगळी तुकडी पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. आधी ग्रेनेड फेकला, मग टॉमीगन रिकामी केली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून दस्त्याने शेवटच्या दोघांना पाडलं. मग लपलेल्या बंदूकधाऱ्याची गोळी लागली. वय बावीस. गाव पळसगाव, माणगाव तालुका. १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेलने त्यांच्या तरुण विधवेच्या हाती व्हिक्टोरिया क्रॉस दिला. त्यांची समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. सावली पुढे सरकत राहते आणि त्या नावाशेजारी वेळ दाखवत राहते. स्मारक म्हणून यापेक्षा सुंदर कल्पना मी पाहिलेली नाही.

आजोबा त्या दिवशी कुठे होते? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ते आमच्याबरोबर कितीतरी वर्षं राहिले. पहाटे चारला उठायचे, अंथरुणाच्या घडीच्या कडा हाताने इस्त्री केल्यासारख्या दाबायचे. मळ्यात टोमॅटो लावायचे आणि वासरांना इटालियन शब्दांनी हाका मारायचे, आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. ट्रंकेत पिवळ्या धातूचा एक तारा होता, इटली स्टार. आम्ही तो भातुकलीत ताटली म्हणून वापरला. पुढे कधीतरी घरातल्या पितळेबरोबर तो मोडीत गेला. आजोबांनी विचारलंही नाही, कुठे गेला म्हणून.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये नामदेव जाधव पुण्यात वारले. मूळ निमजचे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले. पहिल्या मराठा पलटणीत कंपनीचे रनर होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीच्या काठी, पाण्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमी साथीदारांना त्यांनी बाहेर काढलं. मग परत जाऊन मशीनगनची ठाणी शांत केली. नंतर उघड्यावर बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली आणि मागच्यांना हाताने पुढे बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्या दिवशी आजोबांनी बातमी दोनदा वाचून घेतली. मग दाढी केली, कोट घातला, टोपी घातली आणि संध्याकाळपर्यंत ओसरीवर ताठ बसून राहिले. आई म्हणाली, "ओळखीचे होते का, आप्पा?"

"नव्हता. पण तिथलं पाणी ओळखीचं होतं."

तेव्हा मी कॉलेजात होते. मराठी साहित्य शिकत होते. त्या वाक्यानंतर मी एक प्रश्न विचारला असता तर कदाचित सगळं आलं असतं. मी पुस्तकात डोकं घातलं. चार वर्षांनी ते गेले. मेलेल्या आबांचं पान आम्ही शंभर वर्षं वाढलं आणि ओसरीवर बसलेल्या जिवंत माणसाला एकदाही विचारलं नाही, तिथे काय झालं, आप्पा?

आता मी प्रत्येकाला सांगते. घरात पेन्शनीत आलेला कोणी असेल, त्याला बासष्ट आठवत असेल, पासष्ट, एकाहत्तर, श्रीलंका, कारगिल, तर त्याच्याजवळ बसा. शौर्याबद्दल विचारू नका. त्याला ते सांगायला लाज वाटते. जेवण काय असायचं ते विचारा. शेजारच्या खाटेवर कोण झोपायचं ते विचारा. घरचं पत्र कोण वाचून दाखवायचं ते विचारा. नावं बाहेर येतात. ती लिहून घ्या. तारा घरात असेल तर मोडीत घालू नका.

दिल्लीला इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. बसऱ्याच्या शिपायांची नव्हेत. शेजारी २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. तिथे ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांचं नाव, हुद्दा, पलटण कोरलेली आहे. मी गेले त्या संध्याकाळी एका जवानाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं. म्हातारा बाप वीट शोधत होता. सापडल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून ती आधी पुसली, मग बोटाने एकेक अक्षर गिरवलं. वाचता येत नव्हतं बहुतेक. पण यावेळी दगडावर नाव होतं.

आमच्या ग्रामसभेने गेल्या वर्षी ठराव केला: चावडीतल्या जुन्या पाटीला हात लावायचा नाही, तिच्या खाली नवी पाटी बसवायची, त्यावर सगळ्यांची नावं. पाचपैकी तीन घरांनी कागद काढले. दोन घरं गावात उरलेली नाहीत. एकाचा माणूस मुंबईत सापडला, एकाचा अजून सापडायचा आहे. त्याच्यासाठी जागा सोडून ठेवली आहे.

पाटी करणारा कराडचा. मामा आणि मी त्याच्याकडे मजकूर घेऊन गेलो. त्याने नावं वाचली आणि विचारलं, "नावाआधी काय लावू? शहीद, हुतात्मा, कैलासवासी? सगळे लावतात."

मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "काही नको," म्हणाले. "बापाचं नाव मात्र पुरतं लाव. आणि पलटणीचा नंबर. आणि तिथी."

"तारीख म्हणताय?"

"तारीख लाव. खाली तिथीपण लाव."

त्या वर्षीच्या कार्तिक वद्य प्रतिपदेला मामींनी पहिल्यांदा अमावस्येऐवजी आबांच्या तिथीला पान वाढलं. खीर केली, वडे केले. ओसरीवर दाराकडे तोंड करून मांडण्याची सवय होती, म्हणून तिथेच पाट ठेवला. मग थांबल्या, पाट उचलला आणि आत, आजोबांच्या फोटोखाली, इतर पानांच्या रांगेत नेऊन ठेवला.